आधी सांगा कोण खेळणार, मग भाव काढा

प्रति,
अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्व कॉन्फरन्सचे कमिशनर, बाऊल सामन्यांचे संयोजक आणि सट्टा कायदेशीर असलेल्या राज्यांमधली नियामक मंडळं

महोदय,

तुमच्यापैकी काहींनी एक चांगला नियम केला आहे, तो आधी मान्य करते. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) २०२४ पासून आपल्या संघांना बजावलं की कॉन्फरन्समधल्या सामन्याच्या तीन दिवस आधी कोण खेळणार, कोण नाही आणि कोणाचं नक्की नाही याची यादी जाहीर करा, ती रोज सुधारा आणि शेवटची यादी सामना सुरू होण्याच्या दीड तास आधी द्या. नाही दिलीत तर पहिल्या वेळी २५ हजार डॉलरपर्यंत दंड, आणि चुका वाढल्या तर तो १ लाखापर्यंत जातो. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने त्याच्या आदल्या वर्षीच सामन्याच्या दोन तास आधीची यादी सक्तीची केली होती. २०२५ मध्ये एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सही त्याच वाटेने आल्या.

मग डिसेंबर उजाडतो. बाऊल सामना म्हणजे नियमित मोसमानंतरचा खास सामना, सहसा दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या संघांची गाठ. तो कॉन्फरन्सचा सामना नाही, म्हणून साउथईस्टर्नचा नियम तिथे लागू नाही, आणि सगळ्या बाऊलना एकसारखा बांधील असा दुसरा नियम कोणी केलेला नाही. ज्या महिन्यात अर्धा अर्धा संघ गळालेला असतो, त्याच महिन्यात यादी द्यायची की नाही हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर जातं. सट्ट्याचे भाव मात्र जोड्या जाहीर होतात त्या रविवारीच खुले होतात.

या एका गोष्टीबद्दल हे पत्र आहे. सट्टा चांगला की वाईट या वादात मला पडायचं नाही. ओहायोत तो १ जानेवारी २०२३ पासून कायदेशीर आहे. माझा नवरा आणि त्याची मित्रमंडळी रविवारी वीस-वीस डॉलर लावतात, हरतात, आणि मग आमच्याच स्वयंपाकघरात उभं राहून रेफ्रींच्या नावाने खडे फोडतात. त्याला माझी हरकत नाही. इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पोचेल. मराठीत लिहिते आहे कारण पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, ओहायो स्टेट अशा ठिकाणी आमच्यासारख्या घरांतली पुष्कळ मुलं आज शिकतात, आणि त्यांच्या आईवडिलांना हा सगळा प्रकार ‘कॉलेजमधली मॅच’ एवढाच माहीत असतो.

अशा वाचकांसाठी थोडक्यात. नियमित मोसमात सहा सामने जिंकलेला संघ बाऊलसाठी पात्र ठरतो. पॅसाडिनाचा रोझ बाऊल पहिल्यांदा १९०२ मध्ये झाला आणि त्याच्या मागोमाग शुगर, ऑरेंज, सन, कॉटन असं घराणंच तयार झालं. २०२४ च्या मोसमापासून राष्ट्रीय विजेता ठरवणारा बारा संघांचा प्लेऑफ आहे. तो सोडला तरी तीसहून अधिक बाऊल उरतात आणि त्यांतून कोणी राष्ट्रीय विजेता ठरत नाही. पूर्वी ते बक्षीस होतं: थंडीतून फ्लोरिडाला किंवा कॅलिफोर्नियाला जायचं, बँड वाजवायचा, एक सामना खेळून घरी यायचं. आजही मला ते आवडतात. ऑरलँडोला २०२३ पासून पॉप-टार्ट्स बाऊल होतो, तिथे सामना संपल्यावर शुभंकर म्हणून नाचलेला पॉप-टार्ट टोस्टरमध्ये जातो आणि जिंकलेला संघ तो खातो. गंमत अशी की त्या दिवशी कोण खाल्लं जाणार हे महिनाभर आधी जगाला ठाऊक असतं. संघाचा खेळ चालवणारा क्वार्टरबॅक कोण, हे मात्र नसतं.

संघ का गळतात? नियमित मोसम नोव्हेंबरअखेर संपतो आणि बाऊल दोन, तीन, कधी पाच आठवड्यांनी येतो. या मधल्या काळात मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक नोकऱ्या बदलतात, त्यांच्यामागे खेळाडू जातात, काही पदवी परीक्षेत अडकतात, आणि ज्यांना एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, वरचा क्रमांक अपेक्षित असतो ते दुखापतीच्या भीतीने माघार घेतात. या शेवटच्या मुलांना मी दोष देणार नाही. नोत्र दामचा जेलन स्मिथ १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बाऊलमध्ये गुडघा फोडून बसला. पहिल्या फेरीत अगदी वर जाईल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तो ३४ वा गेला आणि पहिला अख्खा मोसम खेळू शकला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी ऑरेंज बाऊलमध्ये मिशिगनच्या जेक बटचा गुडघा गेला आणि तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला. त्याच डिसेंबरात स्टॅनफर्डचा क्रिश्चन मॅकॅफ्री आणि एलएसयूचा (लुइझियाना स्टेटचा) लेनर्ड फोर्नेट यांनी आपापले बाऊल सोडले. पुढच्या एप्रिलमध्ये ते आठवा आणि चौथा निवडले गेले. कोणत्या आईने आपल्या मुलाला ‘जा बाळा, सन बाऊल खेळ’ असं सांगितलं असतं?

त्यानंतर ही माघार नेहमीची झाली, आणि २०२१ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, मोकळं झाल्यावर तिला पूर आला. ४ जानेवारी २०२२ ला ह्यूस्टनच्या टेक्सास बाऊलमध्ये एलएसयू शिष्यवृत्तीवरचे ३९ खेळाडू घेऊन उतरली. मर्यादा तेव्हा ८५ ची होती. क्वार्टरबॅकच्या जागी एक रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, खेळला आणि कॅन्सस स्टेटने ४२-२० असा सामना मारला. ३० डिसेंबर २०२३ ला फ्लोरिडा स्टेट हा तेरापैकी तेरा सामने जिंकलेला संघ ऑरेंज बाऊलमध्ये उतरला तेव्हा दोन डझनांहून जास्त खेळाडू गैरहजर होते. जॉर्जियाने ६३-३ ने धुतलं. बाऊलच्या सगळ्या इतिहासात इतक्या फरकाने कोणी हरलेलं नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये मार्शलने सन बेल्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद जिंकलं, लगेच प्रशिक्षक दुसरीकडे गेले, तीसहून अधिक खेळाडू पोर्टलमध्ये शिरले आणि आठवड्याभरात विद्यापीठाने इंडिपेंडन्स बाऊलमधून नाव काढून घेतलं. ऐन वेळी लुइझियाना टेक आणली आणि आर्मी या लष्करी अकादमीच्या संघाने तिला २७-६ ने हरवलं.

मार्शलचा निर्णय अनेकांना झोंबला. मला तो सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. संघ उरला नाही, म्हणून खेळत नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलं. उलट २०२५ च्या डिसेंबरात काय झालं पाहा. आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट या दोघांनी प्रशिक्षक बदलाच्या गडबडीत बाऊल नाकारला, तेव्हा बिग ट्वेल्व्हने दोघांना प्रत्येकी ५ लाख डॉलर दंड केला. म्हणजे येत नाही म्हणून तोंडावर सांगितलं तर ५ लाख. आणि निम्मा संघ घेऊन आलात, कोण आहे कोण नाही हे शेवटपर्यंत झाकून ठेवलंत, तर शून्य. हा हिशेब तुमच्यापैकी कोणीतरी मला समजावून सांगावा.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी ही, की माहिती सगळ्यांना एकाच वेळी मिळत नाही. कोलंबसच्या परिसरात राहणाऱ्यांना २०२३ चा कॉटन बाऊल आठवत असेल. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक काइल मकॉर्ड पोर्टलमार्गे निघून गेला, हे निदान जाहीर होतं. पण मार्विन हॅरिसन ज्युनिअर, देशातला सर्वोत्तम रिसीव्हर म्हणून त्या वर्षीचा पुरस्कार मिळवलेला मुलगा, खेळणार की नाही हे शेवटपर्यंत गुलदस्त्यात राहिलं. तो संघाबरोबर टेक्सासला गेला, आणि खेळला नाही. पहिल्यांदाच सुरुवात करणारा क्वार्टरबॅक लवकरच घोटा दुखावून बाहेर गेला आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्यावर सामना पडला. मिझूरी १४-३ ने जिंकली. हॅरिसनने न खेळणं हा त्याचा हक्क होता. पण त्या आठवड्यांत संघाच्या इमारतीतल्या कितीतरी माणसांना जे समजलं असेल किंवा ज्याचा अंदाज आला असेल, ते त्याच काळात पैसे लावणाऱ्या लाखो लोकांना समजायला काहीच मार्ग नव्हता.

अशा वेळी भाव कसा हलतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. काही कारण दिसत नसताना मंगळवारी दुपारी एखाद्या संघाचा भाव, म्हणजे तो किती गुणांनी जिंकेल वा हरेल याचा आकडा, साडेतीन गुणांनी सरकतो. बुधवारी संध्याकाळी बातमी येते की त्यांचा क्वार्टरबॅक पोर्टलमध्ये चालला. मंगळवारी ज्यांनी लावले त्यांना बातमी कुठून मिळाली? गुरुवारी नाताळच्या सुट्टीत फोन उघडून जो माणूस पैसे लावतो, तो आधीच शिळा झालेला भाव घेतो, आणि वर नेहमीप्रमाणे ११० लावतो १०० जिंकायला. या दराने नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले बावन्नहून जास्त अंदाज खरे यावे लागतात. ज्याच्याकडे आतली बातमी आहे त्याला हे जमतं. माझ्या नवऱ्याला जमत नाही, आणि जमणारही नाही.

आतल्या बातमीची किंमत काय असते हे तुम्हाला नव्याने कळायचं नाही. २८ एप्रिल २०२३ ला अलाबामाच्या बेसबॉल संघाचा सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) एलएसयूविरुद्ध खेळणार नव्हता. ते जाहीर व्हायच्या आधीच अलाबामाच्या मुख्य प्रशिक्षकाने एका ओळखीच्या माणसाला कळवलं, आणि तो माणूस सिनसिनाटीच्या बेसबॉल मैदानातल्या सट्ट्याच्या काउंटरवर एलएसयूच्या बाजूने १ लाख डॉलर लावायला उभा राहिला. काउंटरवरच्यांनाच संशय आला म्हणून प्रकरण फुटलं. प्रशिक्षकाची नोकरी आठवड्याभरात गेली आणि कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने पुढे त्याच्यावर १५ वर्षांची बंधनं घातली. ओहायोच्या नियामकांनी तेव्हा चपळाई दाखवली, त्यांचं मी अभिनंदन करते. पण एक पिचर, एक सामना, तेही एप्रिलच्या बेसबॉलमध्ये, एवढ्यावर हे घडलं. डिसेंबरात एकेका संघातून वीस-पंचवीस नावं गळतात, आणि प्रत्येक नावामागे ते आधी कळलेली दहा माणसं असतात.

त्या दहा माणसांत माझी मुलगी असते.

ती शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठात शिकते आणि फुटबॉल संघाच्या ट्रेनिंग रूममध्ये विद्यार्थी-साहाय्यक आहे. घोट्यांना टेप बांधणं, बर्फ भरणं, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल अशी कामं. मोठ्या पदाची ती कोणी नाही. पण कोण टेबलावर पालथा पडलेला आहे आणि कोणाचा लॉकर काल रिकामा झाला हे तिच्या डोळ्यांसमोर असतं. डिसेंबर लागला की तिचा फोन वाजायला लागतो. वसतिगृहातली मुलं, शाळेतले विसरलेले मित्र, इन्स्टाग्रामवर तोंड नसलेली खाती. ‘क्यूबी (क्वार्टरबॅक) विमानात होता का, एवढंच सांग.’ एकाने पैसे देऊ केले. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात एका काकांनीही पुरणपोळीवर तूप घेता घेता विचारलं, ‘काय गं, तुमचा तो मुलगा खेळतोय ना?’ काकांच्या मनात पाप नव्हतं. खिशात फोन मात्र होता. ती हसून ‘माहीत नाही काका’ म्हणाली आणि स्वयंपाकघरात माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एनसीएएच्या नियमाप्रमाणे ती दोषी ठरली असती, कारण सट्टा खेळणाऱ्याला माहिती पुरवणं हा स्वतः सट्टा खेळण्याइतकाच गुन्हा आहे. नियम योग्य आहे. पण तिच्या हातातली गोष्ट मौल्यवान कोणी केली? तुम्ही यादी जाहीर केलीत की दुसऱ्या मिनिटाला तिच्याकडे विकण्याजोगं काही उरत नाही. माहिती झाकून ठेवणारे तुम्ही, आणि ती फुटू नये म्हणून जबाबदारी तासाला थोड्याशा डॉलरवर काम करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलांची. शिस्तीच्या कार्यशाळा घेऊन हे सुटत नाही. ही माझी दुसरी तक्रार आहे, आणि खरं सांगायचं तर हे पत्र तिच्यामुळेच लिहिलं गेलं.

तिसरी तक्रार पैसे परत करण्याबद्दल. मी मुंबईत वाढले, घरातले एक मामा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नियमाने जात. तिथला साधा रिवाज असा की घोडा, जॉकी, वजन सगळं आधी कार्डावर छापलेलं असतं, आणि घोडा सुटायच्या आधीच मागे घेतला तर त्याच्यावर लावलेले पैसे परत. अमेरिकन सट्टा कंपन्यांना हे तत्त्व माहीत नाही असं नाही. बेसबॉलमध्ये ठरलेला पिचर बदलला तर पैज रद्द, असा पर्याय त्यांच्याकडे वर्षानुवर्षं आहे. एखादा खेळाडू किती यार्ड पुढे सरकेल यावर पैसे लावले आणि तो मैदानात उतरलाच नाही तर तेही परत मिळतात. २०२१ मध्ये सॅन डिएगोच्या हॉलिडे बाऊलमधून यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाने काही तास आधी कोविडमुळे माघार घेतली, सामनाच झाला नाही, तेव्हा पैसे परत करावेच लागले. मग ज्या क्वार्टरबॅकच्या भरवशावर भाव काढला तो निघून गेला, त्याचा पर्यायीही निघून गेला, आणि तिसरा उभा राहिला, तर आधी घेतलेली पैज तशीच्या तशी कशी उभी राहते? माल बदलला, पावती जुनीच.

चौथी, नुकसान होतं ते फक्त पैसे लावणाऱ्यांचं नाही. जो तिसरा मुलगा उभा राहतो, त्याचं काय? तो अठरा वर्षांचा असतो, टीव्हीवर पहिल्यांदा दिसतो, दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात देतो आणि रात्री त्याचा फोन शिव्यांनी भरतो. एनसीएएनेच आपल्या मोहिमेत सांगितलं आहे की नावाजलेल्या खेळाडूंपैकी तिघांत एकाला सट्ट्याशी संबंध असलेल्या माणसाकडून असे संदेश येतात. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचा सट्टा बंद करा असं सर्व राज्यांना सांगितलं. ओहायोने तो त्याच महिन्यापासून बंद केला. मेरीलंड, व्हरमाँट, लुइझियाना यांनीही केला. बाकीच्यांना काय अडचण आहे?

आणि ‘आमचा सट्ट्याशी संबंध नाही, आम्ही फक्त सामने भरवतो’ हे वाक्य कृपया मला ऐकवू नका. डझनाहून अधिक बाऊल सामन्यांची मालकी ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या कंपनीकडे आहे, तेच ते सामने दाखवतात, आणि नोव्हेंबर २०२३ पासून दोन वर्षं त्यांच्याच नावाचं सट्ट्याचं ॲप चालू होतं. ते डिसेंबर २०२५ मध्ये बंद झालं आणि ती जागा ड्राफ्टकिंग्ज या सट्टा कंपनीला मिळाली. मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने २०२२ मध्येच आपला अधिकृत डेटा सट्टा कंपन्यांपर्यंत नेण्याचा करार केला. एनसीएएनेही २०२५ मध्ये आपल्या स्पर्धांसाठी तोच रस्ता धरला. राज्यांचं म्हणाल तर ओहायोने २०२३ च्या जुलैत सट्टा कंपन्यांवरचा कर १० टक्क्यांवरून २० टक्के केला. पैसा सगळ्यांकडे येतो आहे. त्याला माझा आक्षेप नाही, पण दुकान तुमचं आहे तर वजनकाटा तपासायची जबाबदारीही तुमची.

तुमची उत्तरं मला साधारण माहीत आहेत. वैद्यकीय माहिती खाजगी असते, हे पहिलं. अगदी बरोबर, आणि मी तर एका ट्रेनिंग रूममधल्या मुलीची आई आहे, मला ते पटतं. पण ‘उपलब्ध नाही’ या दोन शब्दांत गुडघा, परीक्षा, पोर्टल की आजी वारली हे कुठे येतं? साउथईस्टर्नची यादी मोसमभर कारणाशिवाय चालते. दुसरं, प्रतिस्पर्ध्याला डावपेच कळतात. एनएफएल आठवड्यातून तीनदा अशी यादी काढते, आपल्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बाऊलच्या, आधीही काढते, आणि त्यामुळे कोणाचा खेळ बिघडल्याचं ऐकिवात नाही. तिसरं उत्तर तुम्ही जाहीर देणार नाही, म्हणून मीच देते: खरी यादी लवकर लागली तर तिकिटं खपणार नाहीत आणि लोक टीव्ही लावणार नाहीत. ही भीती खरी आहे. पण मग तुम्ही फक्त सट्टेबाजांपासूनच नाही, तर टॅम्पाची विमानाची तिकिटं आणि हॉटेल आगाऊ भरलेल्या त्या निवृत्त शिक्षक जोडप्यापासूनही लपवता आहात, हे कबूल करा.

पोर्टलची मुदत तुम्ही बदललीत, ते बरं केलंत. २०२४ मध्ये ती ९ ते २८ डिसेंबर होती, ऐन बाऊलच्या धामधुमीत. २०२६ ला ती २ ते १६ जानेवारी केली. तरीही प्रश्न अर्धाच सुटला. अधिकृत नोंद जानेवारीत होते, पण निर्णय डिसेंबरातच होतात, एजंटांचे फोन डिसेंबरातच फिरतात. प्रशिक्षकांच्या बदल्यांना तर कसलीच मुदत नाही. त्यात आता काल्शीसारख्या ‘भाकीत बाजार’, म्हणजे एखादी घटना घडेल की नाही यावर पैसे लावायचा बाजार, चालवणाऱ्या कंपन्या अठरा वर्षांच्या मुलांनाही दार उघडतात, आणि टेक्सास-कॅलिफोर्नियासारख्या जिथे सट्टा कायदेशीरच नाही अशा राज्यांतही चालतात. डिसेंबर २०२५ मध्ये तर खेळाडू पोर्टलमध्ये जाणार की नाही यावरच बाजार मांडायची कागदपत्रं काल्शीने केंद्रीय नियामकाकडे दाखल केली. ओरड झाल्यावर तसा बेत सध्या नाही असं सांगितलं गेलं. ‘सध्या’ या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा.

माझ्या मागण्या या:

१. प्लेऑफ असो की नसो, प्रत्येक बाऊल सामन्यासाठी उपलब्धतेची यादी सक्तीची करा. पहिली यादी जोडी जाहीर झाल्यापासून आठवड्याच्या आत, मग दर दोन दिवसांनी, शेवटच्या तीन दिवसांत रोज, आणि अखेरची दीड तास आधी. कारण देऊ नका. नाव आणि स्थिती पुरे. बाऊलचा करार कॉन्फरन्सशीच असतो, त्यामुळे हे कलम घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

२. यादी चुकवणाऱ्या किंवा खोटी देणाऱ्या विद्यापीठाला दंड करा, आणि तो निदान सामना नाकारणाऱ्याला करता तितका तरी असू द्या.

३. राज्यांच्या नियामकांनी पहिली यादी लागेपर्यंत त्या बाऊलवर पैसे घ्यायला बंदी करावी. कंपन्यांची कमाई आठवडाभर उशिरा सुरू झाल्याने आभाळ कोसळणार नाही.

४. बेसबॉलच्या पिचरसारखा ‘ठरलेला क्वार्टरबॅक’ हा पर्याय बाऊल सामन्यांसाठी प्रत्येक ॲपवर द्यायला लावा. ज्याला नको असेल तो घेणार नाही.

५. कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचा सट्टा उरलेल्या राज्यांनीही बंद करावा. यावर आता आणखी समित्या नकोत.

६. ट्रेनिंग रूम, उपकरण विभाग, व्हिडिओ विभाग इथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना माहितीसाठी कोणी गाठलं, तर ते नाव न देता कळवण्याची सोय करा, आणि कळवणाऱ्यालाच आधी चौकशीला बसवू नका. आज मुलं गप्प राहतात ती याच भीतीने.

पुढच्या मोसमाच्या नियमावल्या उन्हाळ्यातल्या बैठकांत ठरतात. या सहापैकी काय करणार, काय नाही, आणि नाही तर का, हे तुम्ही ऑगस्टअखेर लेखी जाहीर करावं, एवढी विनंती आहे. उत्तर मला वैयक्तिक नको. सगळ्यांना वाचता येईल असं द्या.

कळावे,

आपली,
एक पालक आणि प्रेक्षक
कोलंबस, ओहायो